साखरेच्या प्लेटवर जनुकाची उडी कशी पकडायची

‘जनुकं उड्या मारतात’ हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला म्हणते आणि दरवर्षी समोरच्या चेहऱ्यांवर तेच उमटतं: बरं, मारत असतील. चूक त्यांची नाही. आकृतीत एक रंगीत पट्टी या रेघेवरून उचलून त्या रेघेवर ठेवलेली असते. त्यात उडी कुठे दिसते? म्हणून आता मी आकृती मागाहून दाखवते, आधी मुलांच्या हातून उडी पकडून घेते. लागतात ते साधे इ. कोलाय जीवाणू, एक प्लाझ्मिड (जीवाणूत स्वतःच्या नकला करणारं डीएनएचं छोटं वर्तुळ), साखर, पीसीआर मशीन (डीएनएचा हवा तो तुकडा कितीतरी पटींनी वाढवणारं) आणि आठवडाभराचा धीर. ती कृती इथे देते आहे, माझ्या चुकांसकट. चुका वगळल्या तर ही कृती चार ओळींत संपेल आणि कुणालाच जमणार नाही.

आधी शिकार ओळखून घ्या. जीवाणूच्या डीएनएत फिरणाऱ्या घटकांपैकी सगळ्यात सुटसुटीत म्हणजे इन्सर्शन सिक्वेन्स, बोलताना आम्ही ‘आयएस’ म्हणतो. लांबी साधारण ७०० ते २,५०० अक्षरं. आत जवळजवळ एकच जनुक, ट्रान्सपोझेस नावाचं एन्झाइम बनवणारं. दोन टोकांना एकमेकांची उलटी प्रतिमा असलेले छोटे क्रम, म्हणजे डावीकडून वाचा किंवा समोरच्या धाग्यावर उजवीकडून वाचा, सुरुवात तीच. ट्रान्सपोझेस ही टोकं ओळखतो, धरतो, कापतो आणि दुसरीकडे जोडतो. बस, एवढाच संसार. आयएस-१ अवघा ७६८ अक्षरांचा आहे. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या के-१२ वाणाचा ४६ लाख अक्षरांचा जीनोम १९९७ साली वाचून झाला, तेव्हा त्यात असे कितीतरी घटक ठिकठिकाणी बसलेले सापडले. तुमच्या फ्रीजमधल्या ट्यूबमध्येही ते आत्ता आहेत. बाहेरून काही आणायचं नाही. फक्त सापळा लावायचा.

सापळा म्हणजे ‘सॅक-बी’ हे जनुक. मूळ बॅसिलस सबटिलिसचं. ते लेव्हानसुक्रेज बनवतं आणि हे एन्झाइम सुक्रोजपासून म्हणजे साध्या साखरेपासून लेव्हान नावाची लांब साखळी विणतं. इ. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूला हा उद्योग झेपत नाही, तो मरतो. म्हणजे सॅक-बी असलेला जीवाणू साखरेच्या प्लेटवर टाकला की जगणार फक्त तोच, ज्याचं सॅक-बी मोडलंय. आणि जनुक मोडण्याचा एक खास मार्ग म्हणजे त्याच्या मधोमध एखादा आयएस येऊन बसणं. ही युक्ती १९८५ साली प्रसिद्ध झाली आणि मला ती अजूनही सगळ्यात आवडते, कारण तिच्यात लाखो मेलेल्यांकडे बघावं लागत नाही. जगलेलेच समोर येतात.

प्लाझ्मिड निवडताना एक गोष्ट सांभाळा. सॅक-बी कमी प्रती असलेल्या प्लाझ्मिडवर हवं, पेशीत शेकडो प्रती होणाऱ्यावर नको. का? एका प्रतीत आयएस बसला तरी बाकीच्या प्रती सॅक-बी चालवतच राहतात, पेशी मरते आणि तुमची उडी तिच्याबरोबर जाते. सोबत कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक असू द्या. ते नसेल तर साखरेच्या प्लेटवर जीवाणू सगळं प्लाझ्मिडच फेकून देऊन मोकळा होतो आणि तुम्ही रिकाम्या पेशी मोजत बसता. वाण शक्यतो रेक-ए जनुक बिघडलेला घ्या. सारख्या क्रमांची अदलाबदल करणारी पेशीची यंत्रणा त्यात बंद असते, त्यामुळे नको ते तुकडे गळणं कमी होतं. आयएसला रेक-एची गरजच नसते. तो स्वतःचं एन्झाइम स्वतः घेऊन फिरतो.

आता पहिला दिवस, आणि इथे मी सगळ्यात जास्त ओरडते. बारा ट्यूब घ्या. एक मोठा फ्लास्क नव्हे, बारा वेगळ्या ट्यूब. प्रत्येकीत कॅनामायसिन घातलेलं ५ मिली एलबी (जीवाणू वाढवायचं नेहमीचं खाद्य) आणि अगदी थोड्या, शंभरेक पेशी. रात्रभर ३७ अंशांवर हलत ठेवा.

कारण असं की उडी साखर पाहून मारली जात नाही. ती आधीच, रात्री कधीतरी, कुणीही न मागता मारलेली असते. साखर फक्त कोण जगलं ते दाखवते. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ साली फाजला, म्हणजे जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूला, होणाऱ्या प्रतिकाराबद्दल नेमका हाच मुद्दा वेगवेगळ्या ट्यूब वाढवून दाखवला होता: काही ट्यूबमध्ये दोन-चार प्रतिकारक्षम पेशी, काहींत शेकड्यांनी. ज्या ट्यूबमध्ये बदल लवकर घडला तिथे त्या पेशीचं सगळं गोत वाढून बसतं. आमच्याकडेही तसंच होतं. एमएस्सीच्या वर्षी मी एकाच ट्यूबमधून अठरा कॉलनी उचलल्या, अठराच्या अठरा ठिकाणी आयएस नेमका त्याच अक्षरावर बसलेला सापडला आणि मी वहीत मोठ्या अक्षरांत ‘हॉटस्पॉट!’ लिहिलं. माझ्या गाइडनी पान वाचलं, पेन्सिलीने त्याखाली ‘अठरा भावंडं’ एवढंच लिहिलं आणि वही परत दिली. तेव्हापासून नियम: एका ट्यूबमधून एकच कॉलनी पुढे न्यायची. दुसरी घेतलीच तर ती जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) वेगळी दिसली तरच मोजायची.

प्लेटची कृती. एलबी नेहमीसारखं, पण मीठ घालायचं नाही. हे वाक्य मी अधोरेखित करते, कारण मीठ असलं की सॅक-बीचा फास ढिला पडतो. एकदा मीडिया करणाऱ्याने सवयीने मीठ घातलं आणि आमच्या प्लेटवर कॉलनी नव्हे, सायीसारखा अखंड थर आला. बारा मुलं, चोवीस प्लेट, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. साखर लिटरला ५० ग्रॅम पुरते, काही जण १०० पर्यंत जातात. ती अगारबरोबर उकळून तपकिरी करू नका. वेगळं निर्जंतुक केलेलं घट्ट द्रावण अगार कोमट झाल्यावर मिसळा. कॅनामायसिन त्याच वेळी.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ट्यूबमध्ये मिलीलिटरला शंभर कोटींच्या आसपास पेशी असतील. शंभरपट पातळ करून ०.१ मिली साखरेच्या प्लेटवर, म्हणजे सुमारे दहा लाख पेशी. दहा लाखपट पातळ करून ०.१ मिली साखर नसलेल्या कॅनामायसिन प्लेटवर, म्हणजे एकूण मोजणीला शंभरेक कॉलनी. साखरेच्या प्लेट ३० अंशांवर ठेवा. तिथे निवड जास्त कडक होते, वेळ मात्र दीड दिवस लागतो. घाईने ३७ वर ठेवलेल्या प्लेटवर अर्धवट वाढलेल्या, पसरट, चकाकणाऱ्या कॉलनी येतात. त्या उचलू नका. नीट गोल, घट्ट कॉलनी उचला, आणि उचललेली प्रत्येक कॉलनी पुन्हा एकदा साखरेच्या प्लेटवर रेघा ओढून वेगळी करा. हा जादाचा दिवस वाचवू नका. कमी प्रतींच्या प्लाझ्मिडमध्येसुद्धा एका पेशीत मोडकी आणि धड अशा दोन्ही प्रती काही काळ नांदतात, आणि मग जेलवर दोन बँड, म्हणजे डीएनएच्या दोन पट्ट्या, दिसून तुम्ही चक्रावता.

सॅक-बी मोडण्याचे मार्ग अनेक आहेत हे विसरायचं नाही. एखादं अक्षर बदललं, मधला तुकडा गळाला, आयएस बसला, सगळ्यांना साखर सारखीच माफ करते. कोण कशाने जगलं हे पीसीआर सांगतं.

प्रायमर (पीसीआर कुठून कुठपर्यंत करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) सॅक-बीच्या बाहेर घ्या, प्रमोटरच्याही, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या जागेच्याही, अलीकडे. कारण आयएस प्रमोटरमध्ये बसूनही जनुक बंद पाडतो. माझ्या जोडीत धड जनुकाचा तुकडा २ किलोबेसचा, म्हणजे दोन हजार अक्षरांचा येतो. मशीनमध्ये धागा लांबवण्याची वेळ मात्र २ किलोबेसच्या हिशेबाने देऊ नका. आयएस बसलेला तुकडा साडेतीन किलोबेसपर्यंत जाईल, त्याला वेळ कमी पडला तर तो वाढणारच नाही आणि तुम्ही म्हणाल, कॉलनीत काही नाही. मी पाच मिनिटं देते. मशीन काही थकत नाही.

जेलवर शेजारी धड प्लाझ्मिडची लेन असलीच पाहिजे. मग बघा. बँड त्याच उंचीवर असेल तर एखाद-दुसरं अक्षर बदललंय, बाजूला ठेवा. बँड खाली, म्हणजे तुकडा लहान असेल तर काहीतरी गळालंय. बँड वर चढला असेल, तर खुर्ची पुढे ओढा. पावणेतीन किलोबेसच्या जवळ असेल तर आयएस-१ असण्याची शक्यता. सव्वातीनच्या आसपास असेल तर आयएस-५, आयएस-२, आयएस-३ यांच्यापैकी कुणीही. १,१९५, १,२५८ आणि १,३३१ अक्षरांमधला फरक एक टक्क्याच्या अगारोजवर डोळ्यांनी सांगणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि बँडच नसेल तर? मी त्याच एमएस्सीच्या वर्षी अशा पाच कॉलनींना ‘खूप मोठी उडी, पीसीआरच्या आवाक्याबाहेर’ असं ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात प्रायमर चिकटण्याची जागाच गळून गेली होती. म्हणून त्याच डीएनएवर कॅनामायसिन जनुकाचीही एक पीसीआर लावा. ती चालली आणि सॅक-बीची चालली नाही, तर बहुधा मोठी गळती. दोन्ही चालल्या नाहीत तर तुमचा डीएनए खराब आहे, कॉलनी नव्हे.

बँड वर चढणं म्हणजे डीएनएचं वजन वाढणं, आणि गंमत अशी की आयएस पहिल्यांदा सापडले तेसुद्धा वजनावरूनच. १९६०च्या दशकाच्या शेवटी इ. कोलायच्या गॅलॅक्टोज जनुकांत काही विचित्र म्युटेशन सापडली: एक जनुक मोडलं की पुढची सगळी गप्प. जेम्स शापिरो आणि, वेगळीकडे, जॉर्डन, सेडलर व स्टारलिंगर यांनी ही मोडकी जनुकं लॅम्डा फाजवर चढवली आणि सिझियम क्लोराइडच्या द्रावणात जोरात फिरवली. मोडक्या जनुकाचा फाज धड जनुकाच्या फाजपेक्षा जड भरला. अक्षर बदलल्याने वजन वाढत नाही, मग आत काहीतरी घुसलंय. मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकातच फिरणारे घटक ओळखले होते आणि त्यांना नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. जीवाणूंमधल्या या सापडण्याने त्या कल्पनेला हाताशी धरता येईल असा डीएनए मिळाला.

पण वजन हा पुरावा नाही, संशय आहे. पुरावा मिळतो कडांवर. वर चढलेला बँड शुद्ध करून दोन्ही प्रायमरनी सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचून घ्यायला पाठवा. दोन्ही म्हणजे दोन्हीच. एका बाजूने वाचून ‘मिळाला’ म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी असतात आणि मी त्यांना दरवर्षी परत पाठवते. कारण कडेवर काय शोधायचं ते समजून घ्यायला एक कागदी खेळ लागतो, तो सिक्वेन्स येईपर्यंत करून घ्या.

कागदाच्या दोन लांब पट्ट्या घ्या, दोन्हींवर १ ते ३० आकडे लिहा आणि एकाखाली एक ठेवा. हे डीएनएचे दोन धागे. आता वरची पट्टी १० नंतर कापा. खालची मात्र १९ नंतर. सरळ नाही, पायरीसारखी कापा. दोन्ही भाग दूर ओढा. डाव्या भागाची खालची पट्टी ११ ते १९ अशी लोंबते आहे, उजव्या भागाची वरची पट्टीही ११ ते १९ अशीच लोंबते आहे. मध्ये रंगीत कागदाचा आयएस ठेवा आणि त्याची टोकं या दोन लोंबत्या टोकांना चिकटवा. आता डावीकडे वरच्या धाग्यात भोक राहिलं आणि उजवीकडे खालच्या धाग्यात. पेशी ही भोकं समोरच्या धाग्यावरून वाचून बुजवते. तुम्ही पेन्सिलीने आकडे लिहून बुजवा.

आता डावीकडून वाचा: १ ते १९, मग आयएस, मग ११ ते ३०. अकरा ते एकोणीस दोनदा आले. आयएसने ते आणले नाहीत, ते जागेचेच होते. पायरीने कापल्यामुळे त्यांची दुसरी प्रत झाली.

वर्गात या क्षणी कुणीतरी एक ‘अच्छा’ म्हणतं. मी त्यासाठीच हा खेळ ठेवलाय. ही दुप्पट झालेली अक्षरं म्हणजे उडीची पावती. दोन्ही बाजूंचा सिक्वेन्स आला की सॅक-बी जिथे तुटतं त्या डाव्या कडेची शेवटची अक्षरं आणि उजव्या कडेची पहिली अक्षरं एकाखाली एक मांडा. सारखी निघाली, आणि धड सॅक-बीत ती एकदाच आहेत, तर आयएस इथे उडी मारून आला. मधल्या तुकड्याची टोकं आयएसफाइंडर या डेटाबेसात टाकली की नाव कळतं.

पायरी किती लांब, हे प्रत्येक घराण्याचं ठरलेलं असतं. आयएस-१ बहुतेक वेळा ९ अक्षरं दुप्पट करतो. आयएस-२ पाच, आयएस-३ तीन, आयएस-५ चार. टीएन म्हणजे ट्रान्सपोझॉन, सोबत इतर जनुकंही घेऊन फिरणारे आयएसपेक्षा मोठे घटक: टीएन-५ आणि टीएन-१० नऊ-नऊ, टीएन-३ पाच. आयएस-५ला तर जागेचीही आवड आहे: चार अक्षरांत मधली दोन टी-ए, त्यांच्या अलीकडे सी किंवा टी आणि पलीकडे ए किंवा जी. आमच्या बॅचमध्ये जो आयएस-५ सापडतो तो याच आवडीप्रमाणे बसलेला असतो, आणि हे मुलांनी स्वतः चार अक्षरं मोजून सांगितलं की मला त्या दिवसाचा पगार मिळाल्यासारखं वाटतं.

इथवर तुम्ही आयएस कुठे बसला ते दाखवलंत. तो जुन्या जागेवरून उठून आला की स्वतःची नक्कल पाठवली, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तुमच्या जेलवर सुटत नाही. विद्यार्थी लगेच म्हणतात, मॅडम, जुन्या जागेवर पीसीआर करू, तिथे अजून असेल तर नक्कल. पटण्यासारखं आहे, पण चूक आहे. वाढत्या पेशीत गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होत असते. एका प्रतीतून आयएस कापून गेला तरी पडलेली खाच दुसऱ्या प्रतीवरून पाहून भरली जाऊ शकते, आणि जुन्या जागेवर तो पुन्हा जसाच्या तसा दिसतो.

मग सोडवलं कसं? टीएन-१०च्या बाबतीत बेंडर आणि क्लेकनर यांनी १९८६ साली जे केलं, ते मी प्रयोग रचण्याचा नमुना म्हणून सांगते. त्यांनी असा टीएन-१० तयार केला ज्याच्या दोन धाग्यांत, कॉलनी निळी करणाऱ्या लॅक-झेड जनुकाची थोडी वेगळी अक्षरं होती, एका धाग्यावर धड, दुसऱ्यावर मोडकं. आता विचार करा. घटक नक्कल करून उडी मारत असेल तर नव्या जागेच्या प्रतीत जुन्या दोनपैकी एकाच धाग्याची माहिती जाईल, आणि कॉलनी सगळी निळी येईल किंवा सगळी पांढरी. दोन्ही धाग्यांसह उचलून ठेवला जात असेल तर त्या पेशीच्या एका मुलीला निळा धागा, दुसरीला पांढरा, आणि कॉलनी अर्धी निळी अर्धी पांढरी. अर्ध्या-अर्ध्या कॉलनी आल्या. टीएन-१० कापून जोडतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर एका प्लेटवरच्या दोन रंगांत.

सगळे तसे नसतात. टीएन-३ आणि म्यू फाज नक्कल करतात. ट्रान्सपोझेस टोकांना फक्त एकेका धाग्यावर खाच पाडतो, ती टोकं नव्या जागेला जोडतो आणि मग पेशीची नक्कल-यंत्रणा आरपार जाते. परिणाम विचित्र: देणारा आणि घेणारा डीएनए एका मोठ्या रिंगणात जोडले जातात आणि दोन सांध्यांवर घटकाची एकेक प्रत. याला को-इंटिग्रेट म्हणतात. टीएन-३कडे ते सोडवायला रिझॉल्व्हेज हे वेगळं एन्झाइम असतं. तुमच्या प्रयोगात प्लाझ्मिड अचानक दुप्पट-तिप्पट मोठा दिसला तर घाबरण्याआधी ही शक्यता तपासा. आयएस-३च्या घराण्यात तिसरीच तऱ्हा: आधी स्वतःचं छोटं वर्तुळ बनवायचं, मग त्या वर्तुळाने बसायचं.

आणि आयएस-२०० व आयएस-६०५ हे घराणं तर सगळे नियम मोडतं. एकाच धाग्याच्या रूपात फिरतं, टोकांना उलटी प्रतिमा नाही, अक्षरं दुप्पट होत नाहीत. कागदाचा खेळ इथे चालत नाही. तुमच्या कडांवर दुप्पट झालेली अक्षरं नाहीत म्हणून कागद फाडायच्या आधी मधला तुकडा कोणता ते बघा. याच घराण्यातलं टीएनपी-बी हे प्रथिन आरएनएच्या सांगण्यावरून डीएनए कापतं असं २०२१ साली दिसलं, आणि क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रात वापरतात त्या कॅस-१२ या कात्रीचा पूर्वज ते आहे. ज्याला आपण उपटसुंभ म्हणत होतो त्याच्या घरची अवजारं आज जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात.

सापळ्याचा एक दोषही सांगून टाकते. इथे सापडतात फक्त तेच, जे सॅक-बीवर येऊन बसतात. टीएन-७ घ्या. तो इ. कोलायमध्ये ग्लम-एस जनुकाच्या शेवटाचा क्रम ओळखतो आणि जनुकाला धक्का न लावता त्याच्या जरा पलीकडे एका ठरलेल्या जागी बसतो. शहाणा भाडेकरू. तुमच्या साखरेच्या प्लेटला तो कधी आला आणि बसला, पत्ताही लागणार नाही. त्यामुळे ‘आमच्या वाणात आयएस-५ सगळ्यात जास्त उड्या मारतो’ असं लिहू नका. ‘आमच्या सापळ्यात तो सगळ्यात जास्त सापडला’ असं लिहा. तपासनीस नेमकं हेच विचारतात.

मुलं विचारतात, मग हे सतत उड्या का मारत नाहीत? सतत उड्या मारत राहिले असते तर पेशी मेली असती आणि तिच्याबरोबर तेही. म्हणून प्रत्येकाने स्वतःला लगाम घातलाय. टीएन-१०चा लगाम मला फार आवडतो. त्याच्या टोकाजवळ जी-ए-टी-सी हा क्रम आहे, त्यावर पेशीचं डॅम एन्झाइम मिथाइलची खूण करतं. दोन्ही धाग्यांवर खूण असेल तर ट्रान्सपोझेस जवळजवळ गप्प. डीएनएची नक्कल नुकतीच झालेली असते तेव्हा नव्या धाग्यावर खूण अजून उमटलेली नसते, आणि तेवढ्याच थोड्या वेळात दार उघडतं. म्हणजे उडी नेमकी अशा वेळी, जेव्हा खाच भरायला दुसरी प्रत शेजारी तयार असते. टीएन-१० याच्यावरही थांबत नाही, ट्रान्सपोझेसच्या संदेशावर चिकटून तो दाबणारा एक छोटा उलटा आरएनएही बनवतो.

एकाच जनुकाच्या दोन्ही बाजूंना आयएस बसला की दोघं मिळून मधल्या जनुकासकट उठू शकतात. टीएन-१० असाच टेट्रासायक्लिनचा प्रतिकार घेऊन फिरतो, टीएन-५ कॅनामायसिनचा. प्लाझ्मिडवर चढले की तिथून दुसऱ्या जीवाणूत. अँटिबायोटिक प्रतिकार पसरण्यामागे हे मोठं कारण आहे. म्हणूनच तुमचे हे जीवाणू कितीही साधे असले तरी कॅनामायसिनचं जनुक घेऊन बसलेत, सिंकमध्ये ओतायचे नाहीत, ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय प्लेट बाहेर जाणार नाही. यावर मी वाद घालत नाही.

पूर्ण जीनोम वाचून उडी शोधायची असेल तर एकच सूचना: दीडशे-तीनशे अक्षरांचे छोटे तुकडे वाचून जोडणी केली की आयएसपाशी जोडणी तुटते. हजार अक्षरांची तीच ती प्रत जीनोममध्ये अनेक ठिकाणी, मग छोटा तुकडा कुठला ते कसं ठरणार? आयएस आरपार ओलांडतील एवढे लांब तुकडे वाचणारी पद्धत घ्या.

पक्क्या निघालेल्या कॉलनी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० वर ठेवा. लेबलवर ट्यूबचा नंबर, आयएसचं नाव, कुठल्या अक्षरानंतर बसला आणि कोणती अक्षरं दुप्पट झाली. नुसतं ‘म्युटंट ७’ नको. माझ्या फ्रीजरमध्ये अजून कुणाचे तरी ‘म्युटंट ७’ पडून आहेत आणि त्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात प्लेट उरल्या तर हे करा. लॅक्टोज नसलेला मॅकॉन्की बेस (घातलेलं खाद्य पचवणारी कॉलनी त्यावर लाल होते) घ्या, त्यात सॅलिसिन घाला आणि धड के-१२ वाणाच्या कॉलनी वाढवा. सॅलिसिन पचवणारी बीजीएल जनुकं त्याच्याकडे आहेत, पण एच-एनएस प्रथिन ती दाबून ठेवतं, म्हणून कॉलनी फिकट येतात. त्यांच्या प्रमोटरजवळ आयएस-१ किंवा आयएस-५ येऊन बसला की दाब सुटतो आणि जनुकं जागी होतात. हे १९८१ सालीच दाखवलं गेलंय. सॅक-बीत ज्याने जनुक मोडलं तोच इथे जनुक उठवतो. दोन दिवस काही दिसणार नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळून प्लेट टाकू नका, सुकू नये म्हणून पिशवीत गुंडाळून ठेवा आणि रोज उजेडाकडे धरून बघा. फिकट कॉलनीच्या अंगावर लाल पुटकुळी उगवली की सुईच्या टोकाने तेवढीच उचला, बाजूचा फिकट भाग सोबत येऊ देऊ नका.